काळ्या डोक्याची कोळंबी

मालवणच्या मासळी बाजारात परवा एका पर्यटकाने कोळंबीचा वाटा परत सारला. "डोकी काळी पडलीत, औषध मारलंय." विकणारी शांतपणे म्हणाली, "औषध नाय ओ, बर्फ कमी पडलो."

बाईचंच खरं होतं. उलट औषध मारलेली, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढलेली कोळंबी लवकर काळी पडत नाही. संशयच घ्यायचा तर शिळ्या असूनही पांढऱ्याफेक दिसणाऱ्या कोळंबीवर घ्यावा.

मग हा काळेपणा येतो कुठून? केळफूल चिरल्यावर आपण ते ताकाच्या पाण्यात टाकतो, नाहीतर काळं पडतं. तिथे जे तांबंधारी विकर (एन्झाइम) काम करतं, त्याच धाटणीचं एक कोळंबीतही असतं. पण कोळंबीने ते बाळगलंय जंतूंशी लढण्यासाठी.

कोळंबीला प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवता येत नाहीत. गेल्या वर्षीचा शत्रू यंदा ओळखायची आपल्यासारखी सोय तिच्याकडे नाही. खाडीच्या पाण्यात तर व्हिब्रिओसारखे जिवाणू कायमचे. मग परका ओळखायचा कसा? त्याच्या भिंतीवरून. बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकनचं आवरण असतं: दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून गुंफलेले लांब धागे, आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. पागाच्या जाळ्यासारखी वीण. त्यातली काही अमिनो आम्लं आपल्या प्रथिनांतल्या अमिनो आम्लांची आरशातली प्रतिबिंबं असतात. कुठलाही प्राणी स्वतःसाठी असं जाळं विणत नाही, त्यामुळे त्याचा तुकडा अंगात सापडला की आत कोणीतरी शिरलंय हे नक्की. हान्स ख्रिश्चन ग्रामने 1884 मध्ये जिवाणू रंगवायची जी पद्धत काढली, तिच्यात रंग टिकतो की जातो हे मुख्यतः या भिंतीवरच ठरतं. व्हिब्रिओची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असतं आणि त्यात लिपोपॉलिसॅकराइड हा मेद आणि शर्करांचा जोडरेणू. तीही तितकीच पक्की खूण.

आता माझा आवडता भाग. कोळंबीच्या रक्तातली काही प्रथिनं या तुकड्यांना चिकटतात. रक्तपेशी फुटून आपल्या पुड्या रित्या करतात. त्यांतलं एक प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर, दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटचं प्रोटिएज प्रोफिनॉलऑक्सिडेज या झोपलेल्या विकराचा एक तुकडा छाटतं, की ते फिनॉलऑक्सिडेज होऊन कामाला लागतं. ते फिनॉलांपासून क्विनोन बनवतं, क्विनोनांचं पुढे काळं मेलॅनिन होतं. क्विनोन जंतूंना मारक, मेलॅनिन त्यांना लिंपून टाकतं. प्रत्येक पायरीवर एक रेणू अनेकांना जागं करतो, म्हणून भिंतीचा कणभर तुकडाही पुरतो. पण क्विनोन स्वतःच्या ऊतींनाही पोळतात, म्हणून साखळीला जागोजाग आवर घालणारी प्रथिनंही रक्तात फिरत असतात.

कोळंबी मेली की हा आवर सुटतो. डोक्यातली पाचक ग्रंथी विरघळू लागते, तिची प्रोटिएजं मोकाट सुटतात, त्यांत जंतूंची भर. काळेपणा डोक्यापासून सुरू होतो तो यामुळे. बर्फ हे सगळं फक्त मंदावतो. काळं डोकं हे विष नव्हे. वेळ गेल्याची खूण मात्र आहे, म्हणून वास घेऊनच घ्यावी.

भिंत ओळखण्याची ही युक्ती आपल्यातही आहे. लिपोपॉलिसॅकराइड ओळखणारा टीएलआर४ हा पेशीवरचा ग्राही रेणू (रिसेप्टर) ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरांत शोधला. 2011 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. मात्र हे लिपोपॉलिसॅकराइड रक्तात जास्त झालं की हीच यंत्रणा बेफाम होऊन ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. 'इम्युनिटी वाढवा' म्हणून पुड्या विकणारे, मग त्या माणसांसाठी असोत की वेनामी या पाळीव कोळंबीच्या तळ्यांसाठी, ही बाजू सांगत नाहीत. आणि तळीच्या तळी रिकामी करणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा. विषाणूला अशी भिंतच नसते.

पर्यटकाने नाकारलेला वाटा मीच घेतला. घरी सोलताना एकीच्या शेपटीजवळ, कवचावर, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. तो बर्फ कमी पडल्याचा नव्हता. खाडीत असताना तिथे कधीतरी जखम झाली असावी, आणि ती तिने बुजवली होती.