क्रिकेट प्रशिक्षक (गोमंतक)

क्रिकेट प्रशिक्षक : फलंदाजी, गोलंदाजी व क्षेत्ररक्षण यांचे तंत्र शिकवणारी, सरावाची आखणी करणारी आणि संघाची घडी बसवणारी व्यक्ती. कागदोपत्री ‘कोच’, मैदानावर ‘सर’. प्रस्तुत नोंदीत यांतल्या एकाच प्रकाराचा विचार केला आहे : खेळाडू म्हणून बेताचीच मजल मारलेला, पण शिकवण्यात नाव कमावलेला प्रशिक्षक. गोव्यात क्रिकेट रुजले ते बव्हंशी अशाच माणसांच्या खांद्यावर, म्हणून हा प्रकार इथे विशेष महत्त्वाचा.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याचा खेळ म्हणजे फुटबॉल. क्रिकेट आले ते मुंबईला व बेळगावला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांच्या मागोमाग, सुट्टीच्या सामानातून. मडगावात ८ ऑगस्ट १९४० रोजी जन्मलेले दिलीप सरदेसाई तिथल्याच न्यू एरा हायस्कूलमध्ये शिकले. त्या काळी क्रिकेटच्या सोयी म्हणाव्यात अशा गोव्यात नव्हत्याच. १९५७ मध्ये त्यांचे कुटुंब मुंबईला आले आणि विल्सन कॉलेजात मन्या नाईक या प्रशिक्षकांनी त्यांच्यातला फलंदाज हेरला. पुढे ते इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरले, तो कानपूरचा सामना १ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. म्हणजे मडगावचा मुलगा भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा त्याचे मडगाव अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होते.

सरदेसाईंच्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या ६४२ धावा आणि किंग्स्टनचे २१२ इथल्या जुन्या प्रेक्षकांना तोंडपाठ असतात. मन्या नाईकांचे नाव मात्र त्या गप्पांत क्वचितच येते. सतरा वर्षांच्या, कोणतीही शिस्तशीर तालीम न झालेल्या मुलात काय आहे हे ज्या डोळ्यांना दिसले, त्या डोळ्यांची दखल खेळाच्या इतिहासाने घ्यायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

‘व्यावसायिक’ या शब्दाचे अर्थ. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा तो व्यावसायिक आणि हौसेने खेळणारा तो हौशी, असा भेद कित्येक पिढ्या पाळला गेला. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी वेगळी. १९६३ च्या मोसमापासून हा भेद संपला. व्यावसायिकाचा पगार उन्हाळ्यापुरता असल्यामुळे हिवाळ्यात पोटापाण्यासाठी तो शिकवायला बाहेर पडे. भारतातल्या संस्थानिकांनी अशांना मुद्दाम बोलावून घेतले. ससेक्स परगण्याचे (इंग्लंडमधील ‘काउंटी’ संघाचे) बर्ट वेन्सली हे त्यांतले ठळक उदाहरण. परगण्यासाठी त्यांनी हजारावर बळी घेतले, पण इंग्लंडच्या कसोटी संघात त्यांना कधीच जागा मिळाली नाही. जामनगरला आल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली नवानगरने (जामनगरच्या संस्थानाच्या संघाने) १९३६-३७ चा रणजी करंडक जिंकला, आणि विनू मंकड या तरुणाच्या डावखुऱ्या फिरकीला वळण लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वेन्सलींना स्वतःला कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यांच्या हाताखालचा मुलगा भारताच्या सर्वश्रेष्ठ अष्टपैलूंत गणला गेला.

भारतीय रणजी क्रिकेटमध्ये ‘प्रोफेशनल’ याचा अर्थ बदलला : दुसऱ्या राज्यातून करारावर आणलेला पाहुणा खेळाडू. गोव्यासारख्या लहान राज्यांना त्याची गरज भासते. चांगला पाहुणा धावा तर करतोच, पण नेटमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या स्थानिक मुलाला चार गोष्टी दाखवूनही जातो. ही शिकवणी कोणत्याच धावफलकात दिसत नाही.

साधा खेळाडू चांगला का शिकवतो? ज्याला खेळ जन्मजात येतो, त्याला तो कसा येतो हे सांगता येईलच असे नाही. ‘चेंडू बघ आणि खेळ’ हे वाक्य त्याच्यापुरते शंभर टक्के खरे असते; ऐकणाऱ्या मुलाच्या हाती त्यातून काही लागत नाही. उलट ज्याला बाहेर जाणारा चेंडू वर्षानुवर्षे छळत राहिला, त्याने आपल्या प्रत्येक चुकीची चिरफाड केलेली असते. पाय आधी पडला की डोके, खालचा हात किती घट्ट होता, नजर केव्हा उचलली गेली, हे सगळे त्याला नावानिशी सांगता येते. शिवाय संघातून वगळले जाण्याचे दुःख त्याला ठाऊक असते. बारावा खेळाडू म्हणून पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्या मुलाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. याला अपवाद आहेतच : राहुल द्रविड यांच्यासारखा थोर फलंदाज २०२४ च्या विश्वविजेत्या टी-ट्वेन्टी संघाचा प्रशिक्षकही होता. पण अपवादांची यादी लहान आहे.

रमाकांत आचरेकर हे या परंपरेचे शिखर. मूळचे मालवणचे, म्हणजे गोव्याच्या शेजारचे. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना एकच : १९६३-६४ च्या मोईनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. त्यानंतर शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर असे किती तरी खेळाडू घडवले. सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे, सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे, आणि बाद झाला नाही तर सचिनचे, हा त्यांचा प्रघात प्रसिद्ध आहे. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली. दमलेल्या मुलाला शेवटच्या पंधरा मिनिटांत एकाग्र कसे ठेवायचे, या अवघड प्रश्नाला सरांनी एका रुपयात उत्तर शोधले होते. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. वासू परांजपे यांनीही मुंबई व बडोद्याकडून २९ सामन्यांत ७८५ धावाच केल्या, पण गावसकरांपासून पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्यांचा सल्ला मानला. परदेशात पाहायचे, तर क्वीन्सलँडकडून अवघे ७ प्रथम श्रेणी सामने खेळलेले जॉन ब्युकॅनन २००३ व २००७ च्या विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते.

गोव्याने ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकावे असे उदाहरण आचरेकरांच्याच शिष्याचे आहे. यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालचा मध्य प्रदेश बंगळूरला पहिल्या डावाची आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून हरला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून, त्यांनी मुंबईला हरवून मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. त्याआधी २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा विदर्भालाही. विदर्भ कित्येक दशके रणजीतला दुबळा संघ मानला जात असे. मुंबईच्या मैदानांवरची चुरस नसलेल्या प्रदेशातही शिस्तीने, तंदुरुस्तीवरच्या आग्रहाने आणि दोन-तीन पाहुण्यांच्या मदतीने संघ उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

गोव्यातील मेहनत. गोव्याचा संघ १९८५-८६ पासून रणजी करंडकात खेळतो. आरंभी तो दक्षिण विभागात होता; तिथे कर्नाटक, हैदराबाद, तमिळनाडू यांच्याशी दरवर्षी गाठ पडे. मैदानांची चणचण कायमची. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर १९८९ मध्ये नेहरू चषकाचा ऑस्ट्रेलिया-श्रीलंका सामना झाला व पुढेही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले, पण ते मैदान मूळ फुटबॉलचे. पर्वरीची अकादमी झाल्यावर गोव्याच्या क्रिकेट संघटनेला हक्काचे टर्फ (माती-गवताची खेळपट्टी) मिळाले. कांपालचे बांदोडकर मैदान, मडगावचे राजेंद्र प्रसाद मैदान आणि साखळीचे मैदान हीही ठरलेली ठिकाणे.

खरी शाळा मात्र शेतात भरते. सरद, म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात यष्ट्या रोवल्या जातात. जिथे वायंगण (उन्हाळी भात) लावायचे असते, तिथल्या मुलांना दुसरी जागा शोधावी लागते. खेळ टेनिस बॉलचा, षटके सहा-आठ, सीमारेषा जवळ. टेनिस चेंडू छातीपर्यंत उसळतो, स्विंग जवळजवळ होत नाही, आणि धावा हव्यात त्या पहिल्या चेंडूपासून. साहजिकच पुढचा पाय बाजूला काढून, खालच्या हाताच्या जोरावर आडवी बॅट फिरवण्याची सवय लागते. मग हाच मुलगा मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर) येतो, तिथून टर्फवर. आता चेंडू लेदरचा, शिवणीवर पडून हलणारा, कधी घोट्याइतकाच उठणारा. गावच्या स्पर्धेत मोटरसायकल जिंकलेला फलंदाज ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर झेल देऊन परततो, आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नाही.

इथे साध्या प्रशिक्षकाचे काम सुरू होते, कारण बहुधा तो स्वतःही याच शेतातून आलेला असतो. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी कांपालच्या बाजूला फेरी मारली, तर मांडवीवरून गार वारा येत असतो आणि कुठे तरी एक माणूस चेंडूंनी भरलेली बालदी शेजारी ठेवून गुडघ्यावर बसलेला दिसतो. आठ-दहा पावलांवरून तो हळूच चेंडू टाकत राहतो. समोरच्या मुलाचा खालचा हात पाठीशी. बॅट फक्त वरच्या हातात. पहिले वीस चेंडू कुठेही जातात. मग बॅट हळूहळू सरळ येऊ लागते, कारण एका हाताने ती आडवी ओढताच येत नाही. ‘डोके आधी, पाय आपोआप येईल,’ एवढेच तो अधूनमधून म्हणतो. ज्यांना रोज मैदानावर येणे जमत नाही, त्यांना घरचा अभ्यास असतो : जुन्या मोज्यात चेंडू घालून तो आंब्याच्या फांदीला टांगायचा आणि त्याच्याकडे बॅटची कड नव्हे, पूर्ण तोंड दाखवत शंभरदा खेळायचे. चेंडू सरळ परत आला तर फटका सरळ, गोल फिरला तर बॅट वाकडी. मोजा खोटे बोलत नाही.

यासाठी आज प्रमाणपत्रे आहेत. भारतीय क्रिकेट मंडळाच्या पायरीपायरीच्या परीक्षा देऊनच मान्यताप्राप्त प्रशिक्षक होता येते. चलत्‌चित्रांवरून तंत्राचे विश्लेषण, दुखापती टाळणे, गोलंदाजाच्या षटकांचा हिशेब हे त्यात येते, आणि ते आवश्यकच आहे. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनीही गोव्याच्या संघाला हात दिला. ४ कसोटी खेळलेले कर्नाटकचे वेगवान गोलंदाज दोड्डा गणेश हे त्यांपैकी एक. पुढे २०२४ मध्ये केनियाने त्यांना प्रशिक्षक म्हणून नेमले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्वरीला गोव्याने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध २ बाद ७२७ धावा केल्या. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, आणि दोघांची ६०६ धावांची अभेद्य भागी रणजीतली सर्वांत मोठी ठरली. सामना एक डाव व ५५१ धावांनी जिंकला. हा पराक्रम प्लेट, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातल्या नवख्या संघाविरुद्धचा होता, त्यामुळे प्रशिक्षणाची कसोटी म्हणून तो पुरेसा नाही. ती लागते वरच्या, एलिट गटात, आणि २०२५-२६ मध्ये गोवा तिथे पुन्हा खेळू लागला.

हंगाम मे अखेरीस आटोपतो. मिरगाच्या आधी मॅट गुंडाळून, ओल लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी लागते. त्यानंतरच्या चार महिन्यांत गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ज्यांना पर्वरीच्या छपराखालचे नेट मिळतात ते तिथे जातात. बाकीच्यांचा सराव शाळेच्या सभागृहात, नाही तर घराच्या पडवीत, मोज्यातल्या चेंडूवर. प्रशिक्षक तेवढ्यात बालदीतले चेंडू पुसून, वाळवून, शिवण उसवलेले वेगळे काढून ठेवतो. तेही टाकून दिले जात नाहीत; थ्रो-डाउनला, म्हणजे जवळून हाताने चेंडू टाकून घ्यायच्या सरावाला, चालतात.