दूरचित्रवाणीवरील कबड्डी : मुंबईतील मांडणी आणि चित्रण

मैदानावरची कबड्डी बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर आणि कॅमेऱ्याला दिसेल अशा रीतीने उभी करण्याची पद्धत. ती रूढ झाली प्रो कबड्डी लीगमुळे, आणि तिची सुरुवात मुंबईत झाली. लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. यू मुंबाने तो ४५–३१ असा जिंकला. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात मात्र जयपूरने ३५–२४ अशी परतफेड केली. अंतिम सामनाही मुंबईतच होता. पहिल्या मोसमाची प्रेक्षकसंख्या ४३.५ कोटींच्या घरात गेली. त्या वर्षी भारतीय खेळांच्या लीगमध्ये आयपीएलच तेवढी तिच्या पुढे होती.

हा खेळ दिव्यांखाली पाहणे मुंबईला नवे नव्हते. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या गिरणगावात मंडळांचे सामने रात्रीच रंगत. पाणी मारून रोलर फिरवलेली तांबडी माती, चुन्याच्या रेषा, बांबूंना बांधलेले हॅलोजन, लाकडी गॅलरी आणि माइकवर चढाईपटूची उलटतपासणी घेणारा समालोचक, एवढ्यावर सामना उभा राही. प्रेक्षक रेषेपासून हातभर अंतरावर बसे. दम कुठे तुटला, बोट कुणाला लागले, हे त्याला कानाने आणि नजरेने तिथल्या तिथे कळे. टीव्हीच्या सगळ्या मांडणीमागे प्रश्न एकच आहे : ही हातभर अंतराची जवळीक घरी बसलेल्या माणसाला कशी द्यायची?

पहिले उत्तर प्रकाशाचे आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ × १० मीटरचे. सगळा झोत या चौकटीवर पडतो, गॅलरी अंधारात जाते आणि मॅट रंगमंचासारखी उठून दिसते. खेळाडू काळोखातून, धुरातून, एकेकाचे नाव पुकारले जात आत येतात. ज्या पोराला गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हते, त्याला असे नावानिशी उजेडात आणणे ही या मांडणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

दुसरे उत्तर कॅमेऱ्याच्या उंचीचे. मुख्य कॅमेरा बाजूने आणि वरून पाहतो. त्यात बचावाची साखळी, तिचे पसरणे आणि मिटणे कळते. पण पकड वरून समजत नाही. घोटा धरला की मांडी, हे पाहायला कॅमेरा मॅटच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर लागतो. झटापट दोन-तीन सेकंदांत संपते, सात-आठ जण एकमेकांवर पडलेले असतात, म्हणून संथ गतीची पुनर्दृश्ये ही इथे चैन नसून गरज आहे. बोनसचेच, म्हणजे कुणाला न शिवता नुसती रेषा गाठून मिळणाऱ्या गुणाचेच उदाहरण घ्या. समोर किमान सहा बचावपटू हवेत, चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकायला हवा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. यू मुंबाचा पहिला कर्णधार अनुप कुमार हा गुण इतक्या सहज घेई की साध्या वेगात तो चालत पुढे जाऊन परत आल्यासारखा वाटे. संथ चित्रात मागचा पाय उचललेला दिसायचा, तेव्हा कुठे गुण कशाचा ते घरच्यांना उमगायचे. वादाच्या प्रसंगी हीच दृश्ये टीव्ही पंचांच्याही कामी येतात.

तिसरा भाग घड्याळाचा, आणि खेळाचा स्वभाव बदलला तो इथे. पूर्वी चढाईची मर्यादा म्हणजे चढाईपटूचा दम. ‘कबड्डी कबड्डी’ हा जप आजही नियमात आहे, पण दम पडद्यावर दिसत नाही. ३० सेकंदांचे उलटे घड्याळ दिसते. त्यातच तिसऱ्या चढाईचा नियम आला : एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर चढाईपटू बाद. जुन्या खेळात आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करत वेळ काढू शके, तो मार्ग यामुळे अरुंद झाला. तीन किंवा कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीला मिळणारा जादा गुण हाही त्याच धाटणीचा. लोण पडायच्या, म्हणजे सगळे खेळाडू बाद व्हायच्या बेतात असलेला संघही त्यामुळे सामन्यात राहतो, आणि प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जात नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र ही पद्धत उणी पडते. मांडीवरची थाप, मॅटवर घासणाऱ्या बुटांची किरकिर, कोपऱ्यातल्या बचावपटूची हाक हे सारे टिपता येते. पण संगीत आणि समालोचन चढले की चढाईपटूचा जप त्याखाली बुडतो. ज्याने तो मैदानाकाठी ऐकला आहे त्याला ही उणीव सामना संपेपर्यंत सलत राहते.

लीगचा ताफा शहरोशहरी मुक्काम करतो, त्यामुळे मॅट, दिवे, जाहिरातींचे एलईडी फलक सगळे सुटे करून नेता येण्याजोगे असते. २०२१–२२ चा आठवा मोसम कोविडमुळे एकट्या बेंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला.

परतीचा प्रभाव गल्लीत दिसतो. मुंबईतल्या अनेक मंडळांच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात आणि ‘थर्ड रेड’ अशी हाक गॅलरीतूनच उठते. मॅट गल्लीच्या मधोमध अंथरलेली असते, आणि कॅमेरा ठेवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे समोरच्या चाळीचा पहिल्या मजल्याचा कठडा.