ट्यूब अ‍ॅम्प घुमतो म्हणून अर्थिंग तोडू नका
ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, घुमू लागला की प्लगची अर्थची पिन काढावी, हा गिटारवादकांमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला जीवघेणा आहे. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. त्यामुळे आतले इन्सुलेशन बिघडून सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थ नसला, तर ती थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचते. पिन काढल्यावर आवाज थांबत असेल, तर दोष बहुधा अ‍ॅम्प आणि त्याला जोडलेले दुसरे उपकरण यांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वेटोळ्याचा (ग्राउंड लूपचा) असतो. तेव्हा दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहावीत. गिटारची केबल काढूनही १०० हर्ट्झची खरखरीत घरघर उरली, तर फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणाऱ्या भागांवर, संशय घ्यावा, मात्र ते जाणकाराकडूनच बदलून घ्यावेत, कारण बंद अ‍ॅम्पमध्येही त्यांत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.