आरबी२६ आलं कुठून

जळगावात अजिंठा चौफुलीकडे मामांचं गॅरेज आहे, केळीच्या ट्रकची इंजिनं खोलण्या-बांधण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. मागच्या महिन्यात एक पोरगा सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला, मागच्या काचेवर मोठ्ठं स्टिकर, 'आरबी२६'. मामा मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे सरळ अहिराणीत विचारलं, "हाई काय शे भो?" पोरगा म्हणे जपानी गाडीचं इंजिन आहे काका, लय भारी असतं, पण भारी म्हणजे काय हे काही त्याला सांगता येईना. मग मी मोबाईलवर फोटो काढून दिला. मामांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि पहिलाच प्रश्न, "ब्लॉक बीडना शे का?"

बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा. हो, बीडाचाच आहे. आरबी२६ हे निसान ह्या जपानी कंपनीच्या स्कायलाइन जीटी-आर गाडीचं इंजिन, आणि त्याची अर्धी गोष्ट त्या बीडातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात निसानपासून होतच नाही, प्रिन्स नावाच्या कंपनीपासून होते. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत विमानं बनवणाऱ्या जपानी कंपन्यांतून आलेले इंजिनियर ह्या प्रिन्समध्ये होते आणि स्कायलाइन ही मुळात त्यांची गाडी, साधी चार सिलिंडरची फॅमिली कार. १९६४ साली सुझुकाला जपानी ग्रांप्रि होती, तिथं जिंकायचं म्हणून त्यांनी काय केलं तर ग्लोरिया ह्या मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन स्कायलाइनमध्ये बसवायचं ठरवलं, ते मावेना, म्हणून गाडीचं नाकच २० सेंटिमीटरने लांब केलं. आपल्याकडे ट्रॅक्टरचं इंजिन भलत्याच चासीत बसवणारे लोक आहेत त्यांना हे लगेच कळेल. समोर पोर्शे ९०४ ही जर्मन रेसिंग कार होती, जिंकली तीच, पण तेत्सु इकुझावाची स्कायलाइन एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, तिच्या पुढे राहिली आणि त्या एका लॅपवर स्कायलाइनचं नाव जपानभर झालं.

१९६६ साली प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी प्रिन्सच्या आर३८० ह्या रेसिंग कारने फुजीला ग्रांप्रि जिंकली होती, आणि त्या इंजिनाच्या अनुभवातून एस२० बनलं, १९८९ सीसी, सहा सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह, १६० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). १९६९ साली हे बसवून पहिली स्कायलाइन जीटी-आर आली. तिच्यामागचा माणूस शिनिचिरो साकुराई. त्या गाडीने जपानात रेसमागून रेस जिंकल्या, जवळजवळ पन्नास. मग १९७३ ला पुढचं मॉडेल आलं आणि फक्त १९७ गाड्या बनवून बंद पडलं, कारण धुराचे नियम आणि तेलाचं संकट. त्यानंतर १६ वर्षं जीटी-आर हे नावच कुठल्या गाडीवर लागलं नाही.

आता खरी गोष्ट. ऐंशीच्या दशकात टूरिंग कारच्या रेस ग्रुप ए नावाच्या नियमाने व्हायच्या आणि त्यात फोर्ड सिएरा आरएस५०० ह्या टर्बो (म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेल्या गाडीने सगळ्यांना हैराण केलं होतं. निसानची आर३१ स्कायलाइन होती, दोन लीटरचं टर्बो इंजिन, पण सिएराला सातत्याने हरवायला ते पुरत नव्हतं. नागानोरी इतो तेव्हा स्कायलाइनचे प्रमुख होते, त्यांच्या टीमने ठरवलं की पुढची गाडी रेससाठीच बनवायची आणि मग ती लोकांना विकायची.

ग्रुप एच्या नियमात टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरायचे आणि त्या आकड्यावर गाडीचा गट ठरायचा, गटावर कमीत कमी वजन आणि टायरची रुंदी ठरायची. आधी विचार होता २.४ लीटरच्या आतलं इंजिन करायचा, म्हणजे गुणून ४ लीटरच्या गटात बसेल. पण गाडीला चारही चाकांना ताकद देणारी सिस्टिम लावायची होती, तिने वजन वाढलं, आणि तेवढ्या वजनाला ताकद कमी पडणार हे दिसलं. मग एक गट वर, ४.५ लीटरचा. तिथं टायर रुंद मिळतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७, सहा सिलिंडर, २५६८ सीसी. त्याला १.७ ने गुणा, ४३६५ च्या वर येतं, ४५०० च्या आत. बाजारात २.६ लीटरचा आकडा विचित्र वाटतो, दोन नाही अडीच नाही, पण तो गिऱ्हाइकासाठी नव्हताच, नियमाच्या पुस्तकातून आलेला होता. मला ह्या इंजिनातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे.

नाव पण वाचून टाकू. आरबी ही निसानची सहा सिलिंडरची मालिका, २६ म्हणजे २.६ लीटर, पुढचं डीईटीटी म्हणजे डबल कॅम, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि ट्विन टर्बो. सहा सिलिंडर एका रांगेत, मामांच्या जुन्या ट्रकच्या इंजिनासारखेच. पुढच्या तीन सिलिंडरचा एक टर्बो, मागच्या तीनचा दुसरा, दोन्ही एकसारखे. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल (हवेची झडप), म्हणजे सहा थ्रॉटल, विकायच्या गाडीत असला खर्च कोण करतं? पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेलं, आणि क्रँकला सात मेन बेअरिंग. पुढच्या चाकांचा डिफरन्शियल तर थेट ऑइल संपला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) जोडलेला आणि त्याचा एक अॅक्सल संपच्या आरपार जातो. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बीडाचा, त्यावर ओतीव अक्षरात '०५यू' असं असतं. रेससाठी म्हणून काढलेल्या एन१ ब्लॉकवर '२४यू', तो आणखी मजबूत.

एवढं सगळं का, तर रेसमध्ये पाचशे पीएसच्या वर काढायचे होते आणि ते तासन् तास टिकायला हवे होते. पण ऑगस्ट १९८९ ला आर३२ जीटी-आर शोरूमला आली तेव्हा कागदावर फक्त २८० पीएस. कारण जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं की ह्याच्या वर ताकद जाहीर करायची नाही. म्हणजे पाचशेचा भार पेलणारा सांगाडा लोकांनी २८० च्या नावाने विकत घेतला. टर्बोतलं सिरॅमिकचं चाक बदलून लोखंडी टाकलं (सिरॅमिकचं जास्त बूस्टला, म्हणजे टर्बोच्या हवेच्या जास्त दाबाला, तुटायचं), बूस्ट वाढवला, फ्यूल वाढवलं की तेच इंजिन तळाला हात न लावता कितीतरी पुढे जायचं. गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्या एचकेएससारख्या कंपन्यांनी त्यावर २.८ लीटरची किट काढली. दोष नव्हते असं नाही. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँक जिथं ऑइल पंपाला फिरवतो तो भाग अरुंद होता, जास्त आरपीएमला पंपाचं गिअर तडकायचं आणि मग बेअरिंग गेलंच समजा, नंतर निसानने तो रुंद केला. लांब वळणावर ऑइल हेडमध्ये साचून राहायचं, हा त्रास तर बांधणाऱ्यांना अजूनही आहे.

रेसमध्ये काय झालं ते एका आकड्यात आहे. १९९० ते १९९३ जपानी टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या २९ रेस झाल्या आणि २९ च्या २९ जीटी-आरने जिंकल्या. पहिली जिंकली काझुयोशी होशिनो आणि तोशिओ सुझुकी ह्या जोडीने, निळ्या गाडीत. ऑस्ट्रेलियात तर तिथल्या एका मासिकाने आधीच 'गॉडझिला' नाव ठेवलं होतं. तिथली बाथर्स्टची १००० किलोमीटरची रेस १९९१ आणि १९९२ दोन्ही वर्षी मार्क स्कैफ आणि जिम रिचर्ड्सने जिंकली. १९९२ ला तर गाडीवर जादा वजन टाकायला लावलं होतं, बूस्टवर पण बंधन, तरी जिंकले. त्या वर्षी पाऊस इतका की गाड्या एकामागून एक घसरल्या, जीटी-आर स्वतः आपटली, रेस थांबवली आणि आधीच्या लॅपवर निकाल धरला. पोडियमखाली जमलेल्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यातले कितीतरी होल्डन ह्या ऑस्ट्रेलियन गाड्यांचे चाहते, आणि त्याच होल्डनने १९८६ ते १९८८ च्या आपल्या कमोडोर गाडीमध्ये निसानचं आरबी३० बसवलेलं होतं, ह्याच घराण्यातलं! पुढच्या वर्षीपासून तिथं मुख्य गट पाच लीटरच्या व्ही८ (V आकारात आठ सिलिंडर) गाड्यांचा झाला. नियमात बसवून बनवलेल्या इंजिनासाठी शेवटी नियमच बदलले गेले.

आरबी३० चं पुढे अजून एक झालं. ऑस्ट्रेलियातल्या मेकॅनिक लोकांनी आरबी३० चा खालचा भाग घेतला आणि त्यावर आरबी२६ चं हेड चढवलं, तीन लीटर झालं. भंगारातल्या जुन्या कमोडोरना अचानक भाव आला.

आर३३ १९९५ ला आली, आर३४ १९९९ ला, इंजिन मुळात तेच राहिलं. १९९५ ला ले माँच्या २४ तासांत आर३३ एकूण दहावी आली. स्टेजिया नावाच्या वॅगनमध्ये पण हे बसवलं गेलं, म्हणजे डिकीत सामान भरून लग्नाला जायच्या गाडीत. ऑगस्ट २००२ ला आर३४ बंद झाली, कारण पुन्हा धुराचे नियम. २००७ ला नवी जीटी-आर आली ती व्ही६ घेऊन, ३.८ लीटर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक. सहा सिलिंडर एका रांगेत ही परंपरा तिथं संपली.

भारतात ही गाडी कधी विकलीच गेली नाही, मग जळगावच्या पोराच्या काचेवर स्टिकर कसं? माझ्या पिढीला विचारा. १९९७ ला प्लेस्टेशनवर ग्रान तुरिस्मो गेम आला, नंतर शहरात तासाच्या भाड्याने खेळायला द्यायचे, तिथं बसून आम्ही आर३२ चा आवाज पाठ केला. घरी बजाजची एम-८० आणि गेममध्ये चारही चाकं ओढणारी जीटी-आर. अमेरिकेत तिथल्या नियमांत न बसणारी गाडी २५ वर्षं जुनी झाल्यावरच सहज आणता येते, म्हणून आर३२ तिथं २०१४ ला खुली झाली, आर३४ २०२४ ला, आणि त्याने किमती कुठल्या कुठे गेल्या. निसानच्याच रेसिंग शाखेने, निस्मोने, जुन्या जीटी-आरचे पार्ट पुन्हा काढायला २०१७ ला सुरुवात केली.

हे सगळं मामांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत ऐकत होते. रेसचं काही बोलले नाहीत. फोटो परत मागितला, ब्लॉकच्या कडेला बोट ठेवून विचारलं की बोअर ८६ चा म्हटलास ना, मग झिजल्यावर पुढचा पिस्टन किती. म्हटलं ८६.५, ८७ पण टाकतात. "मंग बीडना शे ते," मामा म्हणाले, "रीबोर व्हई जाई," आणि कप ठेवून परत ट्रकच्या हेडकडे वळले.