आधी कृपा की आधी कबुली? ठाणे-नवी मुंबईतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऐरोली, नेरूळ, कोपरखैरणे किंवा घोडबंदर रोड, कुठल्याही मराठी पास्टरेटमध्ये (एका पाळकाकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये) विचारलं तरी हा प्रसंग ओळखीचा निघेल. बाळपणी बाप्तिस्मा झालेला, दृढीकरणाचा (मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीचा) वर्ग केलेला, प्रभुभोजन घेणारा पंचविशीतला मुलगा घरी येऊन सांगतो, "मी बाप्तिस्मा घेतला." पनवेलकडच्या एखाद्या फार्महाऊसवर, पांढरे कपडे घालून, पाण्यात बुडवून. आईच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: मग तुला मांडीवर घेऊन आम्ही वेदीपुढे उभे राहिलो, ते काय होतं? मुलाचं उत्तर तयार असतं. तेव्हा मला काही कळत नव्हतं, आता मी स्वतः प्रभूला स्वीकारलं.

शिंपडायचं की बुडवायचं, यावर मग रात्री उशिरापर्यंत वचनं काढली जातात. वाद पाण्याचा वाटला, तरी मुळात तो कृपेचा आहे. माणसाने होकार दिल्यावर देव कृपा करतो, की होकार द्यायची ताकदही त्याच्या कृपेतूनच येते? तारण कृपेनेच होतं, हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे, त्यामुळे मूळ शिकवण इथे पुन्हा सांगत नाही. ही गाठ आपल्या भागात कशी बसली, तेवढंच पाहायचं आहे.

जुना इतिहास थोडक्यात. पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या बळावर नीतीने जगू शकतो असं मानणाऱ्यांना उत्तर देताना उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीने तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याकडेच बोट दाखवलं. बाळाने काहीही केलेलं नाही, तरी मंडळी त्याला बाप्तिस्मा देते. मग कृपा कर्माच्या आधीची नाही तर काय? ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने बाळांना बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांचा निषेध केला. पुढे १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी, स्वतः विश्वास ठेवल्याशिवाय घेतलेला बाप्तिस्मा खरा नव्हे असं म्हणत एकमेकांना तो नव्याने दिला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकाला तिथल्या प्रॉटेस्टंट नगरसभेनेच नदीत बुडवून मारलं. या वादाला रक्ताचा डाग आहे, हे आपल्याकडे सांगितलं जात नाही.

ठाण्यापुरतं बोलायचं, तर १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि त्यांचा सोबती सोपारा-ठाणे पट्ट्यात बाप्तिस्मे देत राहिला. नंतर पोर्तुगीज आले, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी त्यांना साष्टीतून हुसकावलं. तलावपाळीजवळचं चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं आहे, आणि त्याच्या आसपासच्या कॅथलिक घरांत बाळाचा बाप्तिस्मा हा पिढ्यान्‌पिढ्या वादाचा विषयच नव्हता.

मराठी प्रॉटेस्टंट घरांचं तसं नाही, आणि आजच्या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. आपल्या बहुतेक कुटुंबांचा ख्रिस्ती इतिहास एका प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होतो. नगर, राहुरी, जालना, सोलापूर; पणजोबा, खापरपणजोबा. त्या बाप्तिस्म्याची किंमत मोजावी लागली. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० सालीच झाला होता, पण वाळीत टाकणाऱ्या गावाला कायदा काय सांगणार? पाणवठा तुटला, सोयरीक तुटली. फुलामुलांचे कवी म्हणून सारा महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी सोबत नव्हती. तिचा बाप्तिस्मा नंतर काही वर्षांनी झाला. मधल्या काळात त्या बाईंनी काय सोसलं, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे.

घरोघरी ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मुलं ती ऐकत वाढतात आणि त्यांना वाटतं, पणजोबांनी निर्णय घेतला, मी कुठे घेतला? यात एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. त्याच पणजोबांनी आपली मुलं तान्ही असतानाच बाप्तिस्म्यासाठी नेली. इथल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांत विश्वासणाऱ्यांच्या बाळांना बाप्तिस्मा देण्याची रीत होती, आणि एवढं सोसून आलेल्या माणसाला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आपण ख्रिस्ताला शोधलं असं तो म्हणतच नसे, ख्रिस्ताने आपल्याला गाठलं असं म्हणे. त्या पिढीची भजनं आजही उपासनेत गायली जातात, त्यांत हाच सूर आहे.

बुडवून बाप्तिस्मा देणारेही आपल्याला परके नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डहाणू, वाडा, पालघर या पट्ट्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, एक अमेरिकन मिशन काम करत होतं. त्यांच्याकडे विश्वास कबूल केलेल्यालाच बाप्तिस्मा मिळे, तोही तीनदा बुडवून; पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकेकदा. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन्ही रीती होत्या, फक्त एकमेकींच्या वाटेत येत नव्हत्या.

त्यांना एका छपराखाली आणलं ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापण्याच्या १९७० च्या निर्णयाने, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. मसुद्यामागून मसुदे झाले. अडत होतं ते मुख्यतः दोन ठिकाणी, बिशपच्या पदावर आणि बाप्तिस्म्यावर. बिशपचा प्रश्न विद्वानांचा होता, बाप्तिस्म्याचा घराघरातला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या, सातवी ऐन वेळी बाहेर राहिली. एकत्र आलेल्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, आणि त्याला बाप्तिस्माच न मानणारेही.

तोड अशी निघाली की दोन्ही वाटा मान्य. आईबापांनी हवं तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा आणि मोठं झाल्यावर त्याने दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा. किंवा बाळाचं फक्त समर्पण करावं आणि कबुलीनंतर बाप्तिस्मा घ्यावा. दोन्हीकडून येणारा माणूस एकाच मेजावर, सारख्याच हक्काने.

याला कोणी राजकीय तडजोड म्हणतं, ते मला पटत नाही. दोन वाटा एकमेकींना खोडत नाहीत, कृपेच्या दोन बाजू दाखवतात. एकीत देव आधी हात पुढे करतो हे दिसतं, दुसरीत तो हात माणसाने धरायचा असतो हे दिसतं. माझा कल पहिलीकडे आहे, तो लपवत नाही. पण दुसरीवाचून पहिली नुसता नामकरणाचा समारंभ होऊन बसते. फ्लेक्स, केक, फोटोग्राफर, आणि पाळकांनी विचारलेल्या प्रश्नांना पुटपुटलेलं "होय". हे चित्र ठाण्यातल्या हॉलमध्ये कुणी पाहिलं नसेल?

निर्णयात एक भोक मात्र राहिलं. वाटा दोन होत्या, पण एकाच माणसाने दोन्ही चालायच्या नव्हत्या. बाळपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुढे दुसरा मागू लागला तर काय, याचं उत्तर मंडळीतल्या सामान्य माणसापर्यंत कधी पोचलंच नाही. १९८२ साली पेरूतल्या लिमा शहरात निरनिराळ्या परंपरांच्या ईश्वरविद्यातज्ज्ञांनी मान्य केलेल्या मजकुरात, पुन्हा बाप्तिस्मा दिल्यासारखं वाटेल असं काहीही टाळावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मजकुरात विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा मानणाऱ्यांचा आदरही आहे. आपल्या पास्टरेटच्या सभांत यातलं काही उतरलं नाही. पाळकांचं दप्तर पाहिलं की अडचण उघडी पडते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये एका माणसाला एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकांची सही. पनवेलच्या टाकीतल्या दिवसासाठी तिथे रकाना नाही, आणि तो मुलगा लग्नासाठी दाखला मागायला याच रजिस्टरकडे येतो.

योगायोग असा की सिडकोची स्थापनाही १९७० चीच. मंडळ्या एक झाल्या त्याच वर्षी खाडीपलीकडे नवं शहर आखायला घेतलं गेलं, आणि जुन्या मंडळ्यांची माणसं तिथे विखुरली. परळ, भायखळा, नागपाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांतून कुटुंबं नव्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या वसाहतींत, आली. १९९२ साली रेल्वे वाशीला पोचली, २००४ साली ठाणे-वाशी गाडी सुरू झाली, पण चर्चची इमारत त्या वेगाने उभी राहत नाही. शाळेचा हॉल, सोसायटीचं ऑफिस, दुकानाचा गाळा, जिथे जागा मिळाली तिथे उपासना झाली. अशा वेळी शेजारच्या गल्लीत नवी फेलोशिप उभी राहिली, गिटार आणि ड्रम घेऊन, बुधवारी घरी येऊन प्रार्थना करणारी. आजारी माणसाच्या उशाशी आधी तीच पोचली, हे मान्य करायलाच हवं.

तिथे साक्षी होतात. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, घराचा ताबा मिळाला, आणि प्रत्येक साक्षीच्या शेवटी "देवाची कृपा". यात खोटं काही नाही. पण ज्याची केमो अजून चालू आहे, ज्याचा हप्ता थकला आहे, तो त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेला असतो आणि कृपा आपल्याला चुकवून गेली असं त्याला वाटत राहतं. पौलाने आपला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा पाण्यात उतरणाऱ्या कित्येकांच्या मनात हाच हिशेब असतो. काही जाणवत नाही, म्हणजे पहिला लागला नसावा. कृपा जाणवणं आणि कृपा असणं यांतलं अंतर त्यांना कुणी समजावलेलं नसतं. समजावण्याचं काम आमचं, जुन्या मंडळ्यांचं होतं.

कॅथलिकांकडे हा प्रश्न दुसऱ्या अंगाने आला. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करण्याची जबाबदारी आईवडिलांवर आहे. मूल श्रद्धेत वाढेल अशी आशाच नसेल तर तो पुढे ढकलावा, असंही त्यात आहे. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाची काळजी आज्यांना आयुष्यभर पोखरत असे. २००७ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा बाळांसाठी देवाच्या दयेवर आशा ठेवायला सबळ कारणं आहेत, असं म्हटलं गेलं. इतका दिलासा देणारा दस्तऐवज ठाण्यातल्या किती घरांत पोचला असेल? प्रसूतिगृहातून रिकाम्या हाताने परतलेल्या आईला तो आधी ऐकवायला हवा होता.

दुसऱ्या बाप्तिस्म्यानंतर सभासदत्वाचं काय, हे आज पाळक-पाळकांवर अवलंबून आहे. कुणी बोलावून समजूत घालतात, कुणी कानाडोळा करतात, कुणी कमिटीच्या यादीतून नाव वगळतात. पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री कॅथलिक मंडळी हातात मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करते. त्यात बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, पण माणूस भरल्या मंडळीत, मोठ्या आवाजात, स्वतःचा होकार देतो. पनवेलला जाणाऱ्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. आपल्या पास्टरेटमध्ये वर्षातून एकदा असा विधी ठेवायला कुठल्याही नियमाची आडकाठी मला दिसत नाही. आणि दृढीकरणाच्या वर्गात किमान एक रविवार १९७० च्या निर्णयाला द्यावा, मुलांसोबत त्यांच्या आईवडिलांनाही बसवून.