‘अगापे’ म्हणजे दैवी प्रेम? पूर्ण खरं नाही

प्रवचनांत वर्षानुवर्षं ऐकू येणारं विधान असं: ग्रीक भाषेतला ‘अगापे’ हा शब्द म्हणजे फक्त देवाचं निःस्वार्थ प्रेम, आणि ‘फिलेओ’ म्हणजे साधी, खालच्या दर्जाची मैत्री. ऐकायला छान वाटतं. बायबलमध्ये मात्र टिकत नाही.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १३ मध्ये, दावीद राजाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामार हिच्याबद्दल वाटणाऱ्या ओढीसाठी ‘अगापे’ आणि त्याचं क्रियापद ‘अगापाओ’ हेच शब्द आहेत. त्या ओढीतून त्याने तिच्यावर बलात्कार केला. यात दैवी ते काय? प्रेषित पौलाचा सहकारी देमास याने त्याला सोडलं ते ‘या जगावर प्रेम जडल्यामुळे’ (२ तीमथ्य ४:१०). तिथेही क्रियापद तेच. उलट पित्याच्या पुत्रावरील प्रीतीसाठी योहान ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ येतं, तर ५:२० मध्ये चक्क ‘फिलेओ’.

मग ख्रिस्ती प्रीतीचं वेगळेपण कशात? योहानाचं पहिलं पत्र (१ योहान ३:१६-१८) शब्दकोशाकडे बोट दाखवतच नाही. ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण दिला, त्यावरून प्रीती कळली, असं ते म्हणतं. आणि लगेच, मला तर फार अचानक वाटतं, पोटापाण्यावर येतं: जवळ साधनं असून गरजू भाऊ दिसल्यावर जो मन घट्ट करतो, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहणार? याकोबाचं पत्रही (२:१५-१६) उघड्यानागड्या, उपाशी बंधुभगिनींना नुसतं ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणणाऱ्यांना सोडत नाही. मासेदोनिया आणि अखया या ग्रीक प्रांतांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी काढली (रोम १५:२६), तेव्हा तिथे पोचले ते पैसे, नुसते शब्द नव्हेत.