पार्श्वभूमी : माणूस नक्की कोणत्या ‘वानरा’चा नातलग?

लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचा वानर यांतला फरक कोकणातल्या बागायतदाराला शिकवावा लागत नाही. माकड काजूची बोंडं, भुईमुगाच्या शेंगा गालांतल्या पिशव्यांत कोंबतं, झाडावर चढतं आणि मग निवांत चघळतं. वानराला अशा पिशव्या नाहीत. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात जिवाणू पाला आंबवतात. म्हणून पालवी, कळ्या, कच्ची फळं त्याला पचतात. राखणीला बसणाऱ्याला एवढं ज्ञान पुरतं. या दोघांकडे बोट दाखवून कुणी ‘माणूस माकडापासून झाला’ म्हणतो, तिथून घोळ सुरू होतो.

या दोघांतलं एकही आपलं पूर्वज नाही, आणि एक दुसऱ्यापेक्षा आपल्याला जवळचंही नाही. आशिया-आफ्रिकेतल्या शेपटीवाल्यांची फांदी आणि आपली फांदी अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. माकड आणि वानर एकमेकांपासून फुटले ते त्यानंतर, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दोघंही आपले सारख्याच अंतरावरचे चुलत. दक्षिण अमेरिकेतली माकडं त्याहून आधी, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी फुटली. म्हणून आपल्या काजूच्या बागेतलं लाल तोंडाचं माकड ॲमेझॉनच्या माकडापेक्षा बागेच्या मालकाला नात्याने जवळचं आहे. ‘माकड’ हे एका कुळाचं नावच नव्हे; एका वंशवृक्षातून माणूस आणि त्याचे जवळचे वगळून उरलेल्यांची ती मोट आहे.

मराठीची खरी अडचण त्या ‘जवळच्यां’ना काय म्हणायचं ही आहे. चिंपँझी, गोरिला, ओरँगउटान, गिबन या बिनशेपटीच्या मंडळींसाठी आपल्याकडे शब्दच नव्हता, कारण प्राणीच नव्हता. भारताच्या रानात यांपैकी फक्त गिबन आहे, तोही ईशान्येला. जांभ्याच्या सड्यावरून तो कुणाला दिसणार?

शास्त्रीय परिभाषा घडवणाऱ्यांनी मग दोन निर्णय घेतले. माणसासकट या सगळ्यांच्या अख्ख्या गणाला ‘नरवानर गण’ म्हटलं, ते उत्तम जमलं. माणसाला या गणात बसवणं हे काही डार्विनच्या काळातलं खूळ नव्हे. १७५८ साली, उत्क्रांतीचा विचारही मनात नसलेल्या एका स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने केवळ शरीररचना पाहून माणूस, माकडं आणि लेमूर एका रांगेत मांडले. (त्याच रांगेत त्याने वटवाघूळही बसवलं होतं, ते पुढे काढावं लागलं.)

दुसरा निर्णय फसला. बिनशेपटीवाल्यांसाठी ‘कपि’ हा संस्कृत शब्द राखून ठेवला गेला. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कपि म्हणजे हनुमान, आणि हनुमानाची तर लंका जाळणारी शेपटीच आधी आठवते. शेपूट नसणं हीच ज्याची खूण, त्याला आपण शेपटीसाठी प्रसिद्ध असलेलं नाव दिलं. पाठ्यपुस्तकांनी आणि वर्तमानपत्रांनी ते टाळून ‘मानवसदृश वानर’ केलं, तर गुंता आणखी वाढला. कोकणात वानर म्हणजे नेमका तो काळ्या तोंडाचा, गावच्या मारुतीमुळे मान असलेला. माकड म्हणजे चेष्टेचा विषय, हातात कोलीत मिळालं तर घर पेटवणारा. ‘वानरापासून’ म्हटलं की श्रद्धेचा प्रश्न, ‘माकडापासून’ म्हटलं की अब्रूचा. उत्क्रांतीच्या मूळ विधानात तर दोघेही नाहीत. अलीकडे सरळ ‘एप’ लिहिण्याची पद्धत आली आहे. शब्द कानाला परका लागतो, पण त्याच्या मागे ना देऊळ आहे ना शिवी, म्हणून तोच बरा. एक खोट मात्र त्यातही राहते : चिंपँझीला गोरिलापेक्षा माणूस जवळचा आहे. तेव्हा एपच्या गटातून माणूस वगळला तर उरलेला गट कुळ म्हणून टिकत नाही. माणूस एपपासून झाला असं म्हणण्यापेक्षा माणूस हा एक एप आहे, असं म्हणणं काटेकोर.

नावांच्या याच गोंधळात ‘रामापिथेकस’ हा जीवाश्मांतला एप आला. कोकणात जीवाश्मांची आशा जवळजवळ नाही. जांभ्याची माती आम्ल, हाड विरघळून जातं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या नद्यांच्या गाळाच्या, तिथे हाडं-दात टिकले. १९३०च्या दशकात तिथे मिळालेल्या जबड्यांच्या तुकड्यांना एका अमेरिकी संशोधकाने रामापिथेकस, सुग्रीवपिथेकस, ब्रह्मपिथेकस अशी नावं वाटली. ‘पिथेकस’ म्हणजे ग्रीकमध्ये एप. तिथल्याच आणखी एका जीवाश्म एपचं शिवापिथेकस हे नाव १९१० पासूनच होतं.

१९६०च्या दशकात यातल्या रामापिथेकसला थेट माणसाच्या पूर्वजाची गादी मिळाली. आधार होता वरच्या जबड्याच्या तुकड्याचा : सुळे लहान, दातांवरचं कवच जाड, आणि दातांची रांग माणसासारखी कमानदार. ही कमानच खोटी होती. टाळूची मधली रेषा शाबूत असेल तरच डाव्या-उजव्या रांगांमधला कोन मोजता येतो. इथे ती रेषा नव्हती, एका बाजूवरून दुसरी बाजू अंदाजाने जोडलेली. १९७०च्या दशकात अधिक पूर्ण खालचा जबडा मिळाला, तेव्हा रांगा इंग्रजी ‘व्ही’सारख्या निघाल्या. लहान सुळे बहुधा मादीचे. जाड कवच तर ओरँगउटानलाही असतं.

दरम्यान १९६७ मध्ये दोन संशोधकांनी हाडांना हात न लावता हिशोब मांडला. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन सशाला टोचायचं, सशात तयार झालेली प्रतिद्रव्यं घ्यायची आणि ती इतर प्राण्यांच्या अल्ब्युमिनला किती जोरात भिडतात ते मोजायचं. जोर जितका कमी, तितकं नातं लांबचं. माणूस-चिंपँझी अंतर हे माणूस-माकड अंतराच्या साधारण एक षष्ठांश भरलं. माकडांची फांदी तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली असं धरलं, तर माणूस आणि चिंपँझी वेगळे झाले ते फक्त ५० लाख वर्षांपूर्वी. मग सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा रामापिथेकस माणसाचा खास पूर्वज कसा? जीवाश्मवाल्यांनी हे पंधरा वर्षं उडवून लावलं. १९८२ मध्ये पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवापिथेकसच्या चेहऱ्याचं वर्णन आलं आणि तो थेट ओरँगउटानसारखा निघाला. रामापिथेकस त्याच्यातच विलीन झाला. जुनं नाव टिकतं या नियमाने ‘शिव’ राहिला, ‘राम’ गेला. रेणूंचं घड्याळही तंतोतंत नव्हतं : पिढीचा कालावधी आणि बदलांचा वेग प्रत्येक फांदीत सारखा नसतो. आजचा अंदाज साधारण ६० ते ७० लाखांचा आहे.

दिसण्यावरून नातं ठरवण्याचा धोका आपल्या वानराच्या पोटातही आहे. त्याच्या जठरातलं लायसोझाइम हे प्रथिन काही बाबतीत गाईच्या लायसोझाइमसारखं आहे. म्हणून वानर गाईचा नातलग होत नाही. दोघांनाही पाला पचवणारे जिवाणू फोडून खायचे होते, म्हणून दोघांत सारखा बदल झाला.

नंतरचे पुरावे जनुकांतून आले आणि वाद जवळपास मिटला. २००५ मध्ये चिंपँझीचा जनुकसंच वाचून झाला. डीएनएची जी अक्षरं एकमेकांशी जुळवता येतात त्यांत सुमारे १.२ टक्के फरक. त्याची गुणसूत्रं ४८, आपली ४६; आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं, आणि तो सांधा अजून दिसतो. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक माकड, वानर आणि माणूस तिघांतही मोडलेलं आहे. गोव्यापासून दक्षिणेच्या सह्याद्रीत राहणारा लोरिस हा मोठ्या डोळ्यांचा छोटा नरवानर ज्या शाखेतला आहे, त्या शाखेत ते शाबूत आहे. काजूच्या बोंडातलं क जीवनसत्त्व चोराला आणि राखणदाराला सारखंच बाहेरून घ्यावं लागतं. शेपटीचा उलगडा २०२४ मध्ये झाला : शेपटीच्या वाढीशी संबंधित टीबीएक्सटी जनुकात शिरलेल्या ‘आलू’ नावाच्या छोट्या तुकड्यामुळे त्याचा एक भाग वाचताना गाळला जातो. हा तुकडा सर्व एपमध्ये आहे, शेपटीच्या माकडांत नाही.

वर्गात मात्र वेगळंच चाललं आहे. २०१८ मध्ये मराठवाड्यातल्या एका संमेलनात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, एपचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चूक, असं सांगितलं. देशभरच्या वैज्ञानिकांनी निषेध केला. पुढे देशपातळीवरच्या दहावीच्या पुस्तकातून ‘ओझं कमी’ करताना उत्क्रांती काढण्यात आली. राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ती पहिल्याच धड्यात आहे. आणि बारावीच्या ज्या देशपातळीवरच्या पुस्तकातून कोकणातली मुलंही वैद्यकीय प्रवेशाची तयारी करतात, त्यात रामापिथेकस हा अधिक माणसासारखा असल्याचं वाक्य आलेलं आहे. पर्यायी प्रश्नात तो आला, तर मुलांनी त्याच्यापुढेच खूण करायची.